पेन्सिलीतलं नाव

मंगळवार, दि. १०

प्रिय ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? भावजींना सांग, त्यांनी पाठवलेला चष्मा बसला, फक्त मी त्यात हेडमास्तर दिसतो.

कचेरीत सध्या मान वर करायला फुरसत नाही. जमिनीच्या जुन्या नोंदवह्या संगणकावर चढताहेत. यंत्र पानाचा फोटो काढतं आणि नावं आपोआप भरतं. पण त्याला शाईच दिसते. आमच्याकडे जुनी रीत अशी, की वारस सहीला येईपर्यंत त्याचं नाव पेन्सिलीने लिहायचं, सही झाली की शाईने गिरवायचं. म्हणून प्रत्येक पानावर मी बॅटरी आडवी धरतो, तिरप्या उजेडात पेन्सिल चमकते, मग पुसट नावं शोधतो, हाताने भरतो. चारशे बारा पानं झाली. साहेब म्हणाले, "तुमच्या नजरेतून काही सुटत नाही बुवा!"

सुटलं, ताई.

बाबा गेले तेव्हा घराच्या जागेवर माझं नाव शाईने चढलं, कारण मी इथे होतो. तुझं पेन्सिलीतच राहिलं. "तू आहेस ना तिथे, मला कसली घाई?" असं तूच म्हणायचीस. मागच्या गुरुवारी आपलं पान समोर आलं. बॅटरी हातात होती, मी ती लावलीच नाही. पान पुढे सरकवलं आणि चहाला गेलो.

नजरचूक झाली असं लिहिणार होतो. ते खोटं आहे. आईच्या आजारपणाची सहा वर्षं मी एकट्याने काढली, तू दोनदा आलीस, त्याचा राग होता. अजूनही आहे. पण म्हणून तुझा वाटा गिळायचा हक्क मला कुणी दिला?

२० तारखेला संध्याकाळी पाचला संगणकावरची नावांची यादी कायमची बंद होते. नंतर कोर्टाच्या पायऱ्या. एकदा पुढे गेलेलं पान मला पुन्हा उघडता येत नाही, आणि हरकत ज्याची त्यानेच येऊन घ्यायची असते, म्हणून तुला यावंच लागेल. अर्ज सोबत आहे. कारणाच्या रकान्यात मीच लिहिलंय, "नोंद करणाऱ्याने नाव जाणूनबुजून वगळले." माझी नोकरी राहील असं वाटत नाही. हिला अजून सांगितलेलं नाही.

माझ्या शब्दावर विसंबू नकोस. मूळ वही मागून घे, पान तीनशे नव्वद. बॅटरी आडवी धर. तुझं नाव अजून आहे तिथे.

मला भाऊ म्हणायचं की नाही, ते पाहून मग ठरव. तोवर खालचा शब्द पेन्सिलीने लिहितो आहे.

तुझा धाकटा