जाळ्याचा दोरा

आबा,

"बाईमाणसानं दोरा ववावा, निवडू नये," असं तुम्ही म्हणाला होतात. शेडमध्ये तुमच्यासमोर तिघे-चौघे गाडीवान बसलेले होते आणि तुमचं वाक्य पुरतं संपायच्या आत ते हसायला लागले. त्यातला एक म्हणाला, "आबा, पोरगी लई शिकल्याली दिसतीया," आणि तुम्ही म्हणालात, "शिकू दे की. वाचू दे पुस्तकं. दोऱ्यावर काय लिवल्यालं असतंय व्हय?" पुन्हा हशा. मी फाटलेलं दप्तर छातीशी धरून दारात उभी होते. तुम्ही जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला थांबावं लागतं. हे वाक्य मात्र न थांबता ऐकू येतं, स्वयंपाक करताना, एसटीत, अगदी कुणाच्या लग्नातसुद्धा.

दोरा निवडायला मला तुम्हीच शिकवलं होतं, राग त्याचाच जास्त आहे. आपल्या घरातली मेंढरं आजोबांबरोबर संपली. तुम्ही बारामतीत एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली राहून चामडं शिकून आलात आणि वरकुट्याच्या रस्त्याला पत्र्याची शेड टाकलीत. भावकीतली माणसं नाकं मुरडायची आणि त्यांच्याच बैलांच्या तोंडावरच्या म्होरक्या तुमच्याकडं शिवायला टाकायची. हंगाम जवळ आला की ऊसगाड्यांच्या सापत्यांचं काम. बैलाच्या गळ्याखालून जाऊन त्याला जुवाशी धरून ठेवणारे ते रुंद पट्टे, दोन थर एकावर एक ठेवून कडेनं शिवलेले. मी तुमच्या शेजारी पोत्यावर बसायचे. सुताचे पदर तुम्ही मांडीवर वळताय, मी दुसरं टोक धरलंय. "ढिला सोड," तुम्ही म्हणता. सोडल्यावर दोरा स्वतःभोवतीच वेटोळी घालायला लागला तर पीळ जास्त झाला, उलगडायचा. निवांत लोंबला तर बरोबर. मग त्याला मेण. मेण लावून झालं की तुम्ही तो तुमच्या कानाजवळ ताणून छेडायचात, मग माझ्या कानाजवळ. आवाज जाड आला पाहिजे. आरीनं पाडलेल्या भोकात दोरा दाटून बसला पाहिजे, पण कोंबावा लागता कामा नये. आणि एक गोष्ट तुम्ही इतक्यांदा सांगितलीत की मला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितली असती. "दोरा चामड्याच्या आदी झिजला पायजे. झिजल्याला दोरा दिसतो. गाडीवान बघतो, आपल्याकडं येतो, आपून नवा घालतो. चामडं आदी गेलं तर कुणाला दिसत न्हाय." त्या दिवसांत मला वाटायचं, जगात तुमच्याइतकं कुणालाच काही कळत नाही. तुम्ही मान न वळवता हात पुढं करायचात आणि मी तुम्हाला हवा तोच दोरा हातात द्यायचे. एकदा तुम्ही म्हणालात, "हिला इचारावं लागत न्हाय." ते वाक्यही मी ठेवलं आहे. त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

मग त्या वर्षी तुम्ही पळसदेवहून जाळ्याचा दोरा आणलात. धरणाच्या पाण्यावर जाळी टाकणाऱ्या कुणीतरी तुम्हाला नायलॉनची रिळं दिली होती. हिरवा, चकचकीत, सापासारखा थंड. सापत्या भरपूर करायच्या होत्या, सूत वळून मेण लावत बसायला दिवस पुरत नव्हते, आणि ह्या दोऱ्याला ना वळायला लागायचं ना मेण लावायला. तुम्ही तो दोन्ही मुठींत धरून सगळ्यांसमोर ओढून दाखवलात. "म्हस बांधा, तुटायचा न्हाय. आता घाला म्हणावं किती ऊस घालायचा त्यो." दोरा तुटला नाही. तुमच्या बोटावर मात्र लाल रेघ उठली, सुरीनं ओढावी तशी. तुम्ही बोट तोंडात घालून चोखलंत आणि कामाला लागलात. मी त्या रेघेकडंच बघत राहिले.

त्यातलाच हातभर दोरा घेऊन मी माझ्या दप्तराचा चामडी पट्टा शिवला होता. थोड्याच दिवसांत पट्टा निघाला. दोरा जसाच्या तसा होता, नवाकोरा, एक टाका सुटलेला नाही. भोकं मात्र लांबून लांबून एकमेकांना मिळाली होती आणि चामडं त्या रेघेवर कापल्यासारखं अलग झालं होतं. ते दप्तर घेऊन मी शेडमध्ये आले. म्हणाले, "आबा, ह्यो दोरा झिजत न्हाय. ह्यो चामडं कापतोय. सापत्यांना नगा घालू." तुम्ही पट्टा हातातसुद्धा घेतला नाहीत. गाडीवान बसले होते. त्यांच्यासमोर तुम्हाला ते वाक्य सुचलं.

सोमेश्वरनगरला ऊसतोडणीच्या टोळ्या उतरल्या की आपण त्यांच्या तळावर जायचो, सापत्यांचा बोजा घेऊन. शाळा बुडवून तुम्ही मला न्यायचात, कारण सुईत दोरा ओवायला दुसरं कुणी नव्हतं. त्या वर्षी सापत्या भराभर गेल्या. दोरा कसा चमकतोय ते बघूनच माणसं घेत होती. शिवल्या तुम्ही, सगळ्या. आरी तुमच्या हातात होती, मी फक्त ओवत होते, तुमच्याच हुकमानं. हे इथं लिहून ठेवते, कारण हे दुसऱ्या कुणीच कधी सांगितलेलं नाही.

पुढच्या खेपेला आपण तळावर पोती अंथरून बसलोय आणि बीडकडचं एक जोडपं समोर येऊन उभं राहतंय. नवऱ्याच्या हातात सापती आहे. त्यानं ती तुमच्या पुढ्यात टाकली. चढाला भरली गाडी होती, सापती एकदम उघडली, जू एका बाजूनं उचललं गेलं, सुटलेला बैल गुडघ्यावर आला आणि चारीत पडला. पुढचा पाय मोडला. जोडीतला एक बैल गेला म्हणजे त्या घराचा हंगाम गेला, हे तळावर लहान पोरालाही कळतं. माणसं जमली. तुम्ही सापती उचलली, उलटी केली. हिरवा दोरा अख्खा होता आणि चामडं भोकांच्या रेघेवर सरळ फाटलं होतं, माझ्या दप्तरासारखं. तुम्हाला कळलं, आबा. तुमचा अंगठा त्या कडेवरून फिरला आणि मधेच थांबला, तेवढ्यावरून मला कळलं की तुम्हाला कळलं. मग तुम्ही मान वर करून म्हणालात, "ही माझ्या हातची न्हाय. पोरीनं शिवलीया. शिकतीया अजून."

नवरा तुम्हाला काय काय बोलला ते आठवत नाही. बायको माझ्याकडं वळली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "लेकरा, येत न्हवतं तर शिवायचं कशाला गं? पाय गेला की माझ्या बैलाचा." मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही पिशवीत मेण शोधत होतात. मेण समोरच होतं.

परत येताना एसटीत तुम्ही मला बारामती स्टँडवरचा पेढा घेऊन दिलात. मी तो खिडकीतून टाकला. तुम्ही पाहिलंत आणि मान दुसरीकडं वळवलीत, तेव्हा मला पक्कं समजलं की तुम्हाला सगळं मान्य आहे, फक्त मोठ्यानं मान्य नाही. दुसऱ्या दिवसापासून आरी आणि चामडं कापायची रापी तुम्ही कुलपात ठेवायला लागलात. गावात बोललं गेलं, आबांची पोर सापत्या बिघडवती. विहिरीवर बायका विचारायच्या, "काय गं, बैल मारला म्हनं तू?" तुम्ही ते ऐकलंत. जाळ्याचा दोरा तुम्ही पुन्हा वापरला नाही, गुपचूप सुतावर आलात, आणि लोक म्हणाले, पोरीला बाजूला केल्यावर आबांचा हात परत बसला. तुमचं नाव माझ्यावर पाय देऊन उभं राहिलं. मग दहावी झाल्यावर बारामतीत स्थळ बघून तुम्ही मला देऊन टाकलंत.

सासूबाई भल्या होत्या. पहिल्याच वर्षी मी ओट्यावर बसून कुत्र्याचा पट्टा शिवताना त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "हात चालतोय तर चालू दे." तिथून माझं काम सुरू झालं. पिशव्या, पट्टे, वहाणा. आणि तुम्ही आलात. आठवतंय? तुमचे हात कापायला लागले होते. करकर वाजणारी तुमची ती जाड वहाण अंगठ्यापाशी उसवली होती. तुम्ही ओट्यावर टेकलात, चहा घेतलात, आणि वहाण पुढं करून म्हणालात, "तुज्याकडं चांगला दोरा हाय म्हनं. जरा घाल की दोन टाकं." इतकं मऊ बोलणं मी तुमच्या तोंडून तोवर ऐकलं नव्हतं. मी म्हणाले, "मला दोऱ्यातलं काय कळतंय, आबा? पळसदेवला जावा. तिथं तुटत न्हाय असला मिळतो."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग वहाण पिशवीत घातलीत आणि एका पायानं अनवाणी उन्हात निघालात. मी दारातून बघत होते. रस्ता तापलेला होता, तुम्ही पाय उचलून उचलून टाकत होतात. मी हाक मारली नाही. पुढच्याच उन्हाळ्यात तुम्ही गेलात. लोक म्हणतात, बापाशी असं वागलं की मागून मन खातं. मी वाट पाहिली. माझं मन काही मला खाईना.

यंदा पोळ्याच्या आधी धाकट्या भावानं तुम्ही शिवलेला घुंगरांचा पट्टा पाठवला. तोच, ज्याच्यावरून वरकुट्यात अजून तुमचं नाव घेतात. आता त्याच्याकडं ट्रॅक्टर आहे, बैलजोडी नुसती हौसेची, पण पोळ्याला तो पट्टा बैलाच्या गळ्यात पाहिजेच. फोनवर म्हणाला, "आक्का, दोरा पार कुजलाय. कुठं लागंल तितंच टाकं घाल. आबांचा हात दिसला पायजे, लोक बघत्यात." मी बरं म्हणाले. मग रापी घेऊन बसले आणि तुमचा टाका न् टाका कापून काढला. जे कुजले नव्हते तेही. दोरा सुताचा होता, नीट वळलेला, मेण अजून आत धरलेलं. किती चांगला दोरा निवडायचात तुम्ही! ते बघून हात थांबेल असं वाटलं होतं. उलट जोर आला. इतकं कळत होतं, आणि तरी. तुमचा सगळा दोरा मी चुलीत घातला. मेणाचा वास घरभर झाला आणि मला बरं वाटलं. मग माझा दोरा वळला, माझ्या कानाशी छेडला, आणि जुन्या भोकांतून पूर्ण पट्टा नव्यानं शिवला. चामडं तेवढं तुमचं राहिलं. ते तुम्ही केलेलं नव्हतं, बैलाचंच होतं.

धाकटा न्यायला आला. पट्टा उजेडात धरला, टाक्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "काय हात होता आबांचा! बघ की, एवढ्या वर्सांनी जसाच्या तसा."

मी म्हणाले, "त्यात आबांचा एक टाका नाही. सगळा मी शिवलाय."

तो हसला. "मग शिकवलं कुणी तुला? आबांनीच की!"

मी त्याला सापतीचं सांगितलं. तळावर काय झालं, कुणी शिवली, कुणी नको म्हटलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग पट्टा गुंडाळत म्हणाला, "आक्का, आता ते कशाला? लहान होतीस. एखांदी चूक व्हतीच." म्हणजे माझ्या भावाच्या लेखीसुद्धा ती चूक माझीच राहिली, वर त्यानं ती मोठ्या मनानं माफ केली. तो गेला आणि मी हे लिहायला बसले. जिवंत माणसांत मला साक्षीदार नाही. जे घडलं ते दोघांनाच माहीत, तुम्हाला आणि मला.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, कुणाला वाचून दाखवायचं नाही. एक गोष्ट मात्र इथंच सांगता येईल. हंगाम सुरू झाला की मी अजूनही काहीतरी निमित्त काढून सोमेश्वरनगरला जाते. तळावरून चालते. पाचटाच्या खोप्यांपुढं बसलेल्या म्हाताऱ्या बायकांकडं बघते. त्या बाईचा चेहरा आता मला धड आठवतही नाही, भेटली तरी ओळखणार नाही, आणि तरी जाते.

तेव्हाच ती तुमच्या वयाची दिसत होती. उन्हातान्हात राबणाऱ्या बायकांचं वय लवकर सरतं. कदाचित तीही आता तुम्ही आहात तिकडंच असेल. माझी माफी मागू नका, मला ती नको आहे. तुम्ही फक्त तिच्याकडं जा आणि म्हणा, बाई, ती सापती मी शिवली होती, पोरगी नको म्हणत होती. एवढंच. मला माहीत आहे, तुम्ही मान खाली घालून पिशवीत काहीतरी शोधायला लागाल. तरीपण जा, आबा. सांगा तिला.