डावीकडे मारणारी बंदूक

ती. आबांस,

सूनबाईचा साष्टांग नमस्कार.

तुमच्या नावाची व्ही.पी. मागच्या आठवड्यात मुंबईहून आली. छर्ऱ्याच्या बंदुकीची स्प्रिंग एक, साडेचार रुपये. छर्ऱ्यांची डबी एक, सव्वातीन. टपालखर्च पावणेदोन. पोस्टमनला काय सांगणार होते, आबा? मागवणारा पौषातच गेला म्हणून? साडेनऊ रुपये मोजले आणि पार्सल देवासमोर ठेवलं. तुम्हाला लिहावंसं वाटलं ते तेव्हापासून.

रहीमचाचांची बंदूक तुमच्या फळीवर उघडीच पडली होती. जत्रेत फुगे फोडायला ठेवतात ना, तीच. चैत्राची जत्रा तोंडावर आलेली. रविवारी शिफ्ट नव्हती, तर तुमच्या लेकानं स्प्रिंग आली तशी बसवून टाकली. "रोज कारखान्यात कापडाचे लूम खोलतो मी, यात काय मोठं?" तेलही सढळ हातानं ओतलं. चाचांनी परसात उडवून पाहिली. काय तो जळक्या तेलाचा धूर, काय तो दणका!

"भाभी, ये बंदूक है के बम?"

एक छर्रा भोपळ्याच्या वेलात, दुसरा पत्र्यावर, तिसरा कुठे गेला देव जाणे. चाचा हसले. मग तुमच्या रिकाम्या पाटाकडे नजर गेली आणि त्यांनी बंदूक परत फळीवर ठेवली.

तुम्ही कधी जोरामागे लागला नाहीत. "जोर कोनीबी आनल, सूनबाय. येकदा मारला तसाच दरवेळी मारला पायजे." स्प्रिंगची टोकं दगडावर घासत बसायचात. ग्रीस लावायचात ते कुंकवाच्या बोटाएवढं. आतला चामडी वॉशर लूमच्या झिजलेल्या पट्ट्यातून कापायचात आणि तेलात भिजत घालायचात. त्यासाठी समईतलं उरलेलं तेल मागायला आलात, तेव्हा मी कसली उसळले होते!

"देवीच्या समईतलं तेल चामड्याला? मिळणार नाही."

"मंग देवीलाच इचार. जत्रा तिचीच हाय!"

नेम जरा वाकडा ठेवा, सगळेच फुगे फुटले तर मी खाऊ काय, असं चाचा म्हणाले तेव्हाही मी मध्ये पडले. देवीच्या दारात खोटी बंदूक? तुम्ही मान वर न करता म्हणालात, "वाकरी ठेवीन, पन कायम डावीकरंच. आज डावी, उद्या उजवी, त्याला लबारी म्हनतात."

आणि तो निजामपुऱ्याचा लूमवाला आठवतो? ही डावीकडे मारते हे त्यानं एकट्यानं ओळखलेलं. दरसाल यायचा, बोटभर उजवीकडे नेम धरायचा आणि बायकोसाठी आरसा जिंकून न्यायचा. चाचा कपाळ बडवायचे आणि तुम्ही खोकला लागेपर्यंत हसायचात.

"तुजा कान भजनातला हाय. हिकरं ये, झनकतंय का बघ," स्प्रिंग बसवली की तुम्ही हाक मारायचात. मी यायची, ऐकायची, "अजून झणकतंय" म्हणायची आणि चुलीकडे पळायची. थोड्या वेळानं तीच बंदूक ठप्प असा एकच मऊ आवाज द्यायची. मधल्या वेळात तुम्ही काय करत होता, ते मी कधी थांबून पाहिलंच नाही! पण आबा, तुम्ही तरी मला कधी अडवलंत? "बस गं जरा" एवढं म्हणायला काय झालं होतं? ऐकायला बोलावलंत, बघायला नाही.

चाचांना चार दिवस थांबा म्हटलंय. तुम्ही भिजत घातलेला चामड्याचा तुकडा अजून डब्यात आहे. देवीची क्षमा मागून समईतलं तेल त्यातच ओतलंय. बंदूक मीच खोलणार आहे. झणकणं थांबेपर्यंत पाटावरून उठणार नाही, भात करपला तर करपू दे. वचन देते, जिथे ठेवीन तिथेच ती दरवेळी मारेल.

पण ठेवू कुठे? डावीकडे ठेवायला माझा हात धजत नाही. सरळ ठेवावी, तर तो लूमवाला येईल, तुमच्या भरवशावर बोटभर उजवीकडे धरेल, आणि सगळ्या जत्रेत तोच एकटा फसेल.

काय करू? उलट टपाली कळवावे.

तुमची,
सूनबाई