पास्टरचं मौन

३ फेब्रुवारी, मंगळवार
अ‍ॅबनरला इलोइलो शहरातल्या डॉक्टरांना दाखवून आले. घशात गाठी आहेत. महिनाभर एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही; काय ते पाटीवर लिहायचं. आणि मग? मग बघू, म्हणाले. आवाज येईल, कदाचित नाहीही येणार. परतताना बोटीत नवरा सगळा वेळ पाण्याकडे बघत होता. पास्टरचा आवाज गेला तर राहिलं काय? चार वर्षं या बेटावर घसा फोडून प्रवचनं केली, तेव्हा कुठे उपासनेला तीन बाकं भरतात. बाकी गाव कॅथलिक. भेटलं की गोड हसतं आणि आपल्या वाटेने जातं.

८ फेब्रुवारी, रविवार
अ‍ॅबनरने प्रवचन लिहून दिलं, मी वाचायचं. बायबलातल्या योनाची गोष्ट, माशाने गिळलेल्या. दुसऱ्याच पानावर माणसं पेंगायला लागली. मला काय झालं कोण जाणे— कागद बाजूला ठेवला आणि सांगत सुटले, की देवाने जा म्हटलं तिकडे न जाता हा गडी उलट्या दिशेच्या बोटीत बसला. शेजारच्या नेनिताने मधेच विचारलं, मासा कुठला होता? झालं! देवमासा की मुशी, यावर सगळी मंडळी तुटून पडली. उपासनेत इतकं कुणी कधी बोललं नव्हतं.
अ‍ॅबनर मागच्या बाकावर, मान खाली. रागावला की काय, कळलं नाही. पाटीवरही काही लिहिलं नाही त्याने.

१२ फेब्रुवारी
भात, सुकी मासळी. नवरा दुपारभर किनाऱ्यावर. घरी बसून करणार काय बिचारा.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
किनाऱ्यावर काय चालतं ते आज नेनिताकडून कळलं. अ‍ॅबनर कोळ्यांबरोबर जाळी दुरुस्त करायला बसतो. तिचा नवरा क्लारो आणि त्याचा भाऊ, बापाच्या होडीवरून दोघांचं बोलणं कधीचं बंद. परवा क्लारोने ते सगळं अ‍ॅबनरपुढे ओकलं. अ‍ॅबनर नुसता ऐकत सूत ओवत राहिला. काल क्लारो टोपलीभर खेकडे घेऊन भावाच्या दारात गेला!
मी म्हटलं, पण ह्यांनी तर काहीच सांगितलं नसणार.
“तेच तर,” नेनिता म्हणाली. “चार वर्षं पास्टर आमच्याशी बोलले. आता आम्हाला त्यांच्याशी बोलता येतं.”
हसू आलं. थोडं टोचलंही.

२२ फेब्रुवारी, रविवार
पाच बाकं! नवरा मेल्यावरही सासूला न सोडणाऱ्या बायबलातल्या रूथवर बोलले मी. बायका डोळे पुसत होत्या, सासवा जरा जास्तच. कॅथलिक चॅपलची घंटा वाजवणारे तिबुर्सियो आजोबा आमच्या खिडकीशी उभे दिसले. आत या म्हटलं, तर म्हणे, मी वाऱ्याला उभा आहे. शेवटचं गीत होईपर्यंत वारा खात होते.

३ मार्च, मंगळवार
तिबुर्सियो आजोबा माडी घेऊन अ‍ॅबनरशेजारी बसले. अ‍ॅबनरच्या हातात शहाळं. मी लांबून पाहत होते. आजोबा गेलेल्या बायकोबद्दल बोलत होते आणि बोलता बोलता हुंदके देऊन रडले. अ‍ॅबनरने नुसता खांद्यावर हात ठेवला. घरी आल्यावर पाटीवर लिहिलं— “पूर्वीचा मी असतो तर त्यांना बायबलातलं वचन म्हणून दाखवलं असतं.”
किती दिवसांनी इतका शांत दिसला. मलाही छान झोप लागेल आज.

६ मार्च
महिना झाला, डॉक्टरांकडे जाऊ या म्हणते, तर हा नकाराची मान हलवून जाळं उचलतो आणि चालू पडतो. घाबरलाय. मी आग्रह सोडला.

११ मार्च, बुधवार
सकाळी परसात मासे साफ करत होतो. “मीठ दे जरा,” अ‍ॅबनर म्हणाला.
म्हणाला! आवाज अगदी पहिल्यासारखा. सुरी माझ्या हातातून पडली. कधी आला, विचारलं. दोन आठवडे झाले म्हणे. म्हणजे आजोबा रडले तेव्हाही—
“गावात सांगू नकोस,” म्हणाला. “इतक्यात तरी.”
मी मीठ दिलं. रविवारी कशावर बोलायचं ते ठरवायला हवं.