बोटाचा ठसा न उमटल्यामुळे गैरहजर ठरवलेल्या विद्यार्थिनीबाबत

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
विद्यापीठ परीक्षा विभाग

विषय : पेपर लिहूनही गैरहजर लागलेल्या विद्यार्थिनीला हजर धरण्याबाबत.
संदर्भ : खिडकी क्रमांक चारवर मिळालेलं तोंडी उत्तर.

महोदय,

हा अर्ज मी लिहिणारच नव्हतो. मी विद्यार्थी नाही, कॉलेजची पायरी चढलेलो नाही, टायपिंगसुद्धा बघून बघून शिकलो. पण जिने लिहायचा तिचा अर्ज तुमच्याकडे घेत नाहीत. म्हणून मी.

१. मी हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या लॉन्ड्रीत आहे. सदर विद्यार्थिनी परदेशातून शिकायला आलेली. दुपारपर्यंत कॉलेज, मग आमच्याकडे ब्लीचच्या टाकीवर. सगळ्यांच्या चुका काढते म्हणून आम्ही तिला मास्तरीण म्हणतो. ब्लीचनं तिच्या बोटांवरच्या रेषा गेल्यात. हातमोजे आहेत, पण आत पाणी शिरतं आणि तिथंच साठतं, म्हणून कोणी घालत नाही.

२. परीक्षेच्या दारातल्या मशीननं तिचा अंगठा घेतला नाही. पर्यवेक्षक बाईंनी माणुसकीनं आत सोडलं. पेपर लिहिला, तपासला गेला, ती पास आहे. निकालात मात्र गैरहजर. खिडकीवरचे साहेब म्हणाले, "पेपर आलाय, मुलगी आलेली नाही." तिनं विचारलं, "मग लिहिला कोणी?" तर म्हणाले, "ते तुम्ही सांगायचं."

३. तेच लेखी द्यायला गेली, तर अर्जासोबत अंगठा लागतो. तो उमटत नाही. साहेब म्हणाले, "काम सोडा, बोटं भरून येतील." काम सोडून शिकू कशी, असं तिनं विचारलं तेव्हा खिडकी जेवणासाठी बंद झाली.

४. आणखी एकदा गैरहजर लागली की नाव कमी होतं. नाव कमी झालं की या देशात राहायची परवानगी जाते. पुढचा पेपर सोमवारी आहे.

५. हे विषय सोडून आहे, पण माझी ताई तिसऱ्याच एका देशात शिकते आणि मासे पॅक करते. तिथं चेहरा ओळखायचं मशीन आहे. ताई फोनवर म्हणाली, "हसू नकोस, थंडीनं तोंड सुजलं की मलाही ओळखत नाही. मग तिथल्या बाई कागदावर सही घेतात. झालं." महोदय, माझं मागणंही तेवढंच. मास्तरणीची सही घ्या.

६. हा अर्ज तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "चार ठिकाणी मला बिचारी केलंयस. काढ ते." काढलं.

७. कालपासून ती चादरींच्या घड्या घालायच्या टेबलावर आहे आणि टाकीवर मी. ती "तुझे हात?" म्हणाली. आमच्याकडे सहीवर हजेरी लागते, माझा अंगठा कोण मागतोय. तिला शब्द दिलाय : तुझी डिग्री हातात येईपर्यंत टाकी माझी.

आपला,
(सही)
लॉन्ड्रीतला, टाकीवरचा
दिनांक : पेपरच्या आधीचा शुक्रवार

सोबत : तिच्या सहीचा नमुना. खाली माझा अंगठा लावला आहे, अजून उमटतो. जपून ठेवावा, पुढच्या वेळी मागितलात तर देता येईलच असं नाही.