लाल गाडीमागं मैना

राजारामपुरी, कोल्हापूर
३० ऑक्टोबर २००३

आदरणीय बसवेश दाजी यांस,

धाकटा मेहुणा चन्नवीर याचे शरणु शरणार्थी. इकडे सगळी माणसं, सगळ्या म्हशी आणि एक गाडी अशी सर्व मंडळी खुशाल आहे. आपला गुडघा आता कसा आहे? पुण्याच्या त्या विजेच्या शेकापेक्षा ताईकडून कोमट तिळाचं तेल चोळून घ्या, आणि निदान महिनाभर तरी जिना चढताना मोटारींची मासिकं वाचू नका. ताईला सांगा, फराळाचा डबा पोचला. चकली जरा कडक निघाली, पण माझे दात अजून माझेच आहेत, त्यामुळे संपली.

मागच्या पत्रात तुम्ही मेहुण्याची चौकशी केली नाही, दुकानाची केली नाही, एवढंच विचारलंत, की ट्रॅकवर एका फेरीला वेळ किती लागला. सांगणार आहे. पण ते आत्ताच सांगितलं तर तुम्ही पत्र पुढं वाचणार नाही, म्हणून आधी घरची हकीकत ऐका. श्रावणात मी मिरजेच्या एका डॉक्टरांकडून ही लाल गाडी घेतली हे तुम्हाला माहीत आहेच. (त्यांच्या कमरेला ती सोसेना. गाडी इतकी बुटकी आहे की उतरताना आधी हात टेकावे लागतात.) दोन सीटा, वर टप नाही, मागं डिकी म्हणजे चपलांचा खोका. त्या दिवसापासून आण्णांनी माझ्याशी बोलणं टाकलं. थोरला भाऊ, घरचा कर्ता माणूस; पण जेवताना समोर बसून मल्लव्वा वहिनींना म्हणायचे, चन्नूला सांग, आमटी वाढून घे म्हणावं. वहिनी मला तसं सांगायच्या आणि मी वाढून घ्यायचो. आण्णांचा मुद्दा एकच. ज्या गाडीत दुधाची किटली बसत नाही, पेंडीचं पोतं बसत नाही आणि घरातलं तिसरं माणूस बसत नाही, ती गाडी नव्हे, तो आजार. शेवटी त्यांनी वहिनींमार्फत निकाल कळवला, की पाडव्यापर्यंत या गाडीचा घराला एक तरी उपयोग दाखव, नाहीतर भाऊबीजेला सांगलीचं गिऱ्हाईक येऊन ती घेऊन जाईल. गिऱ्हाईक ठरलेलंसुद्धा होतं. दाजी, तुमच्यापासून काय लपवायचं? पंचवीस वर्षं मी लोकांसाठी बासुंदी आटवली आणि लस्सी घुसळली. ही एकच गोष्ट मी माझ्यासाठी आणली होती.

त्यावर तुम्ही उपाय काढलात. असली गाडी गाढवांच्या आणि ट्रॅक्टरांच्या रस्त्यावर फिरवणं हा तिचा अपमान, ती ट्रॅकवरच पळवावी, असं तुम्ही चार पानं लिहिलंत. सोबत स्टॉपवॉच पाठवलंत, मांडीएवढा जाड सायलेन्सरचा पाईप एस.टी.च्या पार्सलनं धाडलात आणि कागलच्या पुढं माळावर ट्रॅक बांधलेल्या आपल्या मित्राला चिठ्ठी दिलीत. मलाही पटलं. म्हटलं, एखादा कप जिंकून आणावा आणि दुकानात बासुंदीच्या पातेल्याशेजारी ठेवावा, म्हणजे आण्णांना उपयोग दिसेल. पाईप बसवला. गाडीचा आवाज असा झाला, की गल्लीतल्या क्लासच्या मास्तरांनी चालू गणित तिथंच सोडलं.

आता ट्रॅकचं ऐका. तुमचे मित्र सज्जन आहेत, जागा स्वच्छ आहे, चहा उत्तम. पण दाजी, तिथं हॉर्न वाजवायचा नसतो! कोल्हापूरच्या माणसाला गाडी द्यायची आणि हॉर्न वाजवू नको म्हणायचं, म्हणजे ताटात तांबडा रस्सा वाढून नुसता वास घे म्हणण्यासारखं झालं. शिवाय वाजवणार तरी कुणासाठी? समोरून कुणी येत नाही, बाजूला कुणी चालत नाही. एकच निलगिरीचं झाड मी एका सकाळी चौदा वेळा पाहिलं. कुठूनही निघा, तिथंच परत. मग निघायचं कशाला? शिकवणाऱ्या गृहस्थांनी जीव तोडून समजावलं, की वळणाला बाहेरच्या कडेनं यायचं, आतला कोपरा चाटायचा आणि पुन्हा बाहेरच्या कडेला निघायचं. याला लाईन म्हणतात. मला ती काही जमली नाही. मी आपला जन्मभर डाव्या बाजूनं चालणारा माणूस. दहाव्या फेरीला एक डेंटल कॉलेजातली मुलगी खेळण्याएवढ्या गाडीत बसून माझ्या शेजारी आली आणि तिनं विचारलं, ‘काका, बंद पडलीय का? ढकलू का?’ मी म्हटलं, चालू आहे. ती ‘सॉरी’ म्हणून गेली आणि थोड्या वेळानं पुन्हा मागून आली. कप तिला मिळाला, तिचं मनापासून अभिनंदन. आण्णांना वहिनींनी ही बातमी दिली तेव्हा ते फक्त हसले. त्या हसण्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

पाडव्याला आठ दिवस उरले. म्हटलं, जायचीच आहे गाडी तर एकदा मनासारखी फिरवून घेऊ, आणि सकाळी पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो. दाजी, लिहून ठेवा, गाडीचं सुख रस्त्यावर आहे. दोन्हीकडं तुरे आलेला ऊस, वर आभाळ (टप नसल्यानं सगळंच्या सगळं माझंच), आणि वाघबीळच्या पुढं असा वळता वळता चढणारा घाट, की प्रत्येक वळणाला वाटावं, पलीकडं काहीतरी आपल्यासाठी ठेवलंय. आणि असतंच! एका वळणाला शेळ्या, पुढच्याला पेरू विकणारी बाई, त्याच्या पुढच्याला पंक्चर काढत बसलेला आकाराम नावाचा गृहस्थ. त्यानं ‘पावणं, टप कुठं उडालं?’ म्हणून विचारपूस केली आणि मी ‘मिरजेत!’ म्हणून सांगितलं. पेरूवाल्या धोंडुबाईंना पुढच्या वळणापर्यंत टोपलीसकट सोडलं. त्यांनी उतरताना गाडीची दृष्ट काढली. दर वळणाला हॉर्न, दर हॉर्नला उत्तर. चाळीसच्या वर काटा गेला नाही, कारण वळणापलीकडं कोण आहे ते दिसत नाही आणि जो असेल तो बहुधा आपल्या ओळखीचा असतो. पण आवाज शंभराचा येत होता, त्याबद्दल तुमच्या पाईपचे उपकार आहेत.

आता खरी गोष्ट. तुम्ही पुण्याला राहता म्हणून सांगतो, पाडव्याला आमच्या गवळ्यांत म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, मोरपिसं लावायची, गळ्यात घुंगरांचा पट्टा घालायचा आणि मालकानं सायलेन्सर काढलेली मोटरसायकल गरगरवत पुढं जायचं. त्या आवाजामागं आपलीच म्हैस, दोरी नाही, काठी नाही, शेपूट वर करून पळत आली पाहिजे. आण्णांच्या गोठ्यात यंदा मैना आहे. नावावर जाऊ नका, दारातून आत येते तेव्हा गोठ्यात अंधार पडतो. तिला पाहून पंच आधीच फेटा बांधायला घेतील अशी म्हैस. पण आण्णांची जुनी मोटरसायकल ज्येष्ठात कायमची बसली, आणि नवी घेतली तिचा आवाज शिलाईच्या मशीनसारखा. सायलेन्सर काढून पाहिला, काही फरक नाही. मैना तिच्याकडं बघायची आणि रवंथ करत बसून राहायची. तीन महिने आण्णा माळावर ती गाडी घेऊन एकटेच पळत होते. (हे मला वहिनींनी सांगितलं. आण्णा माझ्याशी बोलत असते तर मी तेव्हाच काही सुचवलं असतं.)

आमचा गोठा वाघबीळच्या अलीकडं, रस्त्याला लागून. मी घाट उतरून, गाडी वळवून, पुन्हा एकदा वर जाऊ म्हणून गोठ्यावरून मोठ्या रुबाबात गेलो. दुसऱ्या वळणावर मागून घुंगरांचा आवाज आला. आरशात पाहिलं तर आरसाभर मैना! दावं तोडून, मान ताणून, शेपूट आभाळात. तिच्या मागं धोतर खोचून आण्णा, आणि आण्णांच्या मागं मैनेच्या आंबोणाची बादली घेऊन वहिनी. मी पाय काढला, बाजूला घ्यावं म्हणून. तेवढ्यात आण्णा ओरडले. श्रावणापासून माझ्याशी बोललेले त्यांचे ते पहिले शब्द, म्हणून जसेच्या तसे लिहितो. ‘थांबू नगंस, चन्नू! वर ने! वर ने की!’ माझ्या डोळ्यांत पाणी आलं दाजी, आणि समोर वळण होतं. मी वर नेली. आणि त्या वळणावर, जे मला तुमच्या मित्राच्या ट्रॅकवर चौदा फेऱ्यांत जमलं नाही, ते मैनेनं पहिल्या खेपेत करून दाखवलं. बाहेरच्या कडेनं आली, आतला दगड शिंगानं चाटला आणि पुन्हा बाहेरच्या कडेला निघाली. तुमची लाईन! चार वळणं तिनं अशी घेतली. वर टेकाडावर थांबलो तेव्हा ती बॉनेटपाशी येऊन फुसफुसत उभी राहिली, आणि आण्णा आले ते सरळ दुसऱ्या सीटवर बसले. धाप लागली होती म्हणून बसले असं ते म्हणतात. पण धाप गेल्यावरही उतरले नाहीत.

पाडव्याच्या दिवशी पंचगंगेकाठी ही गर्दी. आम्ही लाल गाडी घेऊन गेलो तर हरकत निघाली. पंच गणपतराव म्हणाले, आजवर सगळे मोटरसायकलीवरून आले, हे चारचाकी प्रकरण आम्हाला मान्य नाही. आण्णांचा चेहरा पडला. मी तर सांगलीचं गिऱ्हाईक गर्दीत उभं असल्यासारखा इकडंतिकडं बघू लागलो. तेव्हा मल्लव्वा वहिनी पदर खोचून पुढं आल्या. ‘अवो पंच, चाकं कशाला मोजतासा? म्हस कुणामागं पळती ती मोजा की! पळाली तर आमची, न्हाय पळाली तर गाडी हितंच सोडून चालत जातो.’ (गाडी माझी, पैज वहिनींची.) गणपतरावांनाही बघायचं होतंच. त्यांनी आम्हाला शेवटचा नंबर दिला. फटाके, हलगी, शिट्ट्या, त्यात मी चावी फिरवली, शेजारी आण्णांनी उभं राहून हाळी घातली, आणि दाजी, काय सांगू! मैना निघाली ती देवळाचं वळण लाईन धरून घेऊन अशी आली, की बाकीच्या मोटरसायकली कडेला दबल्या. मी थांबलो, आण्णांनी हात वर केला आणि मैनेनं पुढचे दोन्ही पाय उचलून डिकीवर ठेवून मानकऱ्यासारखी मान फिरवली. सगळा नदीचा घाट ओरडत होता. मानाचा फेटा आण्णांना बांधला. आण्णांनी तो तिथंच काढला, माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, ‘ऱ्हाऊ दे गाडी.’ एवढंच. पण सगळ्यांसमोर, आणि सरळ मला.

तेव्हा दाजी, आपल्या वादाचा निकाल लागला असं समजा. ट्रॅकवर फक्त वेळ मोजतात. रस्त्यावर माणसं भेटतात, म्हशी भेटतात, आणि एखाद्या वळणावर रुसलेला भाऊसुद्धा भेटतो. तुम्ही हरलात हे ताईला वाचून दाखवा. गुडघ्याला जपा. कळावे, लोभ आहेच, तो या निकालानं कमी होऊ देऊ नये.

आपला विजयी मेहुणा,
चन्नवीर

ता. क. १ : ट्रॅकवरचा वेळ. सर्वांत चांगली फेरी, सात मिनिटं. त्यातली दोन वजा करा, कारण कडेला एक गृहस्थ उन्हात ताटकळत उभे दिसले, त्यांना कुठं सोडू का म्हणून विचारायला थांबलो होतो. (ते झेंडा दाखवणारे होते.)

ता. क. २ : डिकीवर मैनेच्या दोन खुरांचे खड्डे पडले आहेत. ठोकून सरळ करायला आण्णांनी मनाई केली आहे. रोज सकाळी तिथं हळदकुंकू लागतं.

ता. क. ३ : हे ताईला वाचून दाखवू नका. भाऊबीजेला मी पुन्हा पन्हाळ्याच्या रस्त्याला गेलो. वाघबीळपर्यंत माझ्यामागं सहा म्हशी जमल्या, त्यातली आमची एकच. बाकीच्यांचे मालक मोटरसायकलींवरून शिव्या देत मागून येत होते. हवालदारांनी मिरवणुकीचा परवाना मागितला. पाईप काढावा तर आण्णा काढू देत नाहीत. थोडक्यात, या जिल्ह्यात पळवायला शिकवलेली म्हैस नाही असा एकही वळणाचा रस्ता मला उरलेला नाही. तरी कृपा करून आपल्या मित्राला फोन करा आणि दर रविवारी सकाळी ट्रॅक आमच्यासाठी राखून ठेवायला सांगा. दोन नावं लिहायची. दुसरं नाव शिवशरण, म्हणजे आपल्या आण्णांचं. स्टॉपवॉच त्यांनी माझ्याकडून काढून घेतलंय, आणि त्यांचं म्हणणं, लाईन आपल्याला मैनेकडून समजली आहे, चन्नूला ती या जन्मात जमायची नाही. आम्ही आत गेलो की फाटक मात्र लगेच लावून घ्यायला सांगा. मैनेला आम्ही यातलं काही कळू दिलेलं नाही.