जेफरसनचा वस्तरा आणि आईचं पान

अल बर्शा, दुबई
१२ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
अनुपमाचा साष्टांग नमस्कार. नमस्कार चालतो ना अजून, की तोही कर्मकांडात गेला?

आम्ही ठीक. सिद्धांतचं ऑफिस आता जबल अलीला, त्यामुळे घरी यायला उशीर होतो. आभा सहावीत. मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्लिशमध्येच. तुमची तब्येत तिच्याकडूनच कळते. ती तुमच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलते तेव्हा मी किचनमध्ये असते, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

शाळेत नववीला सध्या अमेरिकेचे संस्थापक शिकवतेय. जेफरसन आला आणि मी तुमचीच गोष्ट सांगितली, अंधश्रद्धेवरच्या प्रत्येक व्याख्यानात तुम्ही सांगायचात ती. वस्तरा घेऊन त्यानं बायबलमधले चमत्कार कापून काढले, विद्यापीठ काढलं आणि धर्मशास्त्राचा प्राध्यापकच ठेवला नाही. मुलं खूश!

पण बाबा, तुम्ही अर्धीच सांगितलीत की हो! त्याचा म्हातारा मित्र अ‍ॅडम्स. त्याची बायको वारली, तेव्हा याच जेफरसननं त्याला लिहिलं की आपली गेलेली माणसं आपल्याला पुन्हा भेटणार आहेत, आणि मग ताटातूट नाही. वर्गात हे सांगता सांगता मी रडायलाच लागले. पोरींनी खुर्चीत बसवलं, पाणी दिलं.

घरी आभाला सांगितलं, तर म्हणते, "बट मम्मा, डिड ही रिअली बिलीव्ह इट?" काय सांगू तिला?

आता लिहूनच टाकते. आईचं देहदान मला मान्य आहे. तिनं स्वतःच सही केली होती, तेही मान्य. पण माझं विमान उतरेपर्यंत तुम्ही थांबला नाहीत. मेडिकल कॉलेजला उशीर चालत नाही म्हणालात. मी पोचले तर पलंगावर नुसती घडी केलेली चादर. ना चेहरा, ना राख. वर म्हणालात, "त्या देहात आता काय होतं?" माझी आई होती, बाबा. त्या दिवसापासून तुमच्याशी बोलायला माझी जीभच वळत नाही.

पुढच्या महिन्यात वर्ष होईल. भटजी नाही, मंत्र नाही. मी फक्त तिचं पान वाढणार आहे. वरणभात, अळूचं फदफदं, तिला लागायची ती झणझणीत लसणाची चटणी. सिद्धांत तिकीट पाठवतोय. या, आणि तिच्या पानाशेजारी बसा. हात जोडू नका, डोळे मिटू नका. फक्त "अन्नाची नासाडी" तेवढं म्हणू नका. आणि आभाला काय सांगायचं, ते तुम्हीच समोर बसून सांगा.

बाकी सगळं खुशाल कापा, बाबा. तिची न् माझी राहिलेली भेट तेवढी ठेवा.

वाट पाहणारी,
तिची आणि अजून तुमचीही,
अनू