ओढणाऱ्या बाजूची गळती

वस्ताद, तुम्हाला लिहायचं मी सात वर्षं लांबवलं. पहिल्यांदा निपाणीत तंबाखूच्या वखारीबाहेर कागद घेऊन बसलो, तर शेजारी एकानं पोपट काढून भविष्य सांगायला सुरुवात केली आणि मी तिकडं सरकलो. मग फलटणला, उसाच्या गाड्यांची रांग हलेपर्यंत लिहून होईल म्हटलं. रांग हलली तेव्हा कागदावर ‘वस्ताद’ एवढाच शब्द होता. माझं असंच चालतं, तुम्हाला ठाऊक आहे. सातवीची परीक्षा चुकली ती वाटेत लोक विहिरीतून म्हैस काढत होते म्हणून. हे तुम्ही माझ्या ओठांकडं बघत बघत समजून घेतलंत आणि एवढंच विचारलंत, "म्हस तरी निघाली का रं?" निघाली होती. आज मात्र उठायचं नाही असं ठरवून बसलोय. सांगलीत हळदीच्या वखारींच्या मागं माझा भाड्याचा गाळा आहे. जेवणाची वेळ टळून गेलीय आणि समोर एक जुनी विलायती गाडी बॉनेट उघडं टाकून उभी आहे. तिच्यामुळंच बसलो.

तिचा पेट्रोलचा पंप विजेवर चालणारा. किल्ली फिरवली की टकटक सुरू होते, कार्बोरेटर भरला की सावकाश होत होत थांबते. सकाळी मी फिल्टर बदलला, किल्ली फिरवली आणि पंप थांबेना. गाडीचा मालक म्हणाला, "मिस्त्री, फिल्टर बसवलासा का घड्याळ?" मला हसता आलं नाही. माझं उजव्या हाताचं बोट आपोआप मांडीवर वाजायला लागलं होतं, पंपाच्या तालात. टक टक टक टक. मालकाला म्हटलं, संध्याकाळी या. तो गेला आणि मी किल्ली बंद केली, पण बोट काही वेळ चालूच राहिलं.

तुम्हाला ऐकू येत नव्हतं. हे वाक्य लिहायला हात जड होतो, कारण ते एकदा मी तोंडानं बोललो आहे. फौजेत तोफा ओढणाऱ्या गाड्या दुरुस्त करता करता तुमचे कान गेले, पेन्शन घेऊन साताऱ्याला आलात, नाक्याजवळ पत्र्याचं गॅरेज टाकलंत आणि कान गेल्याचं कुणाला कळू दिलं नाहीत. गाडीचं दुखणं आवाजात असतं. बहिऱ्या मिस्त्र्याकडं गाडी कोण आणणार? घरात काकींना तेवढं माहीत होतं. त्या मागच्या स्वयंपाकघरात भाकरी थापायच्या आणि जेवायला हाक मारायच्या ऐवजी दारात येऊन तुमच्या पाठीवर एक शेंगदाणा मारायच्या. नेम असा, की गिऱ्हाईक समोर असलं तरी त्याला कळत नसे. तुम्ही मानेवर माशी बसल्यासारखं करायचात आणि म्हणायचात, "चला, भूक लागली." मी आलो तेव्हा वीस वर्षांचा होतो, मिशी राखलेली, एका जागी महिनाभर टिकलेला नाही. तिसऱ्या दिवशी मला कळलं. बॉनेटवर वाकलेले होतात, मी तुमच्या मागं उभा राहिलो आणि इंजिनात जो ठोका पडत होता तो तुमच्या पाठीवर बोटानं वाजवला. तुम्ही वळून माझ्याकडं बघितलंत. डोळे भरून आले होते का तुमचे? मला वाटतं, आले होते. पण तुम्ही म्हणालात, "जरा जोरात वाजव की. काय गुदगुल्या करतोस?"

मग तेच आपलं काम झालं. गिऱ्हाईकाला वाटायचं, पोरगं वस्तादाच्या पाठीला टेकून शिकतंय. माझं बोट तुमच्या पाठीवर, तुमचा हात इंजिनावर. "ह्यो ठोका टॅपेटचा," तुम्ही म्हणायचात, आणि गिऱ्हाईक कौतुकानं मान हलवायचं. फारच शंका आली तर तुम्ही तो लांब स्क्रू ड्रायव्हर काढायचात. त्याचं टोक यंत्रावर टेकवायचं, लाकडी मूठ दातात धरायची. "हाडाला ऐकू येतं, गड्या. हाडं अजून नोकरीवर हायेत." मुठीवर तुमच्या दातांची खूण पडली होती. दीड वर्ष मी टिकलो, वस्ताद. आयुष्यात पहिल्यांदा. मी नसतो तर चालणार नाही अशी एक जागा मला मिळाली होती.

आणि तो दिवस. दुष्काळाचं वर्ष, माण तालुक्याकडची माणसं रस्त्यावर खडी फोडायला बसलेली. वकीलसाहेब सकाळी आले. गाडीत त्यांची मुलगी नव्या साडीत, मांडीवर पेढ्यांचा पुडा. सांगलीला तिला दाखवायला न्यायचं होतं. तुम्ही मला फिल्टर बदलायला सांगितलंत आणि दोन बोटं वर केलीत. ही आपली खूण, म्हणजे वायसर तापव. फिल्टरच्या जोडावरचे तांब्याचे चकतीसारखे वायसर जुनेच परत घालायचे, तर आधी लाल होईस्तोवर तापवून पाण्यात टाकायचे. तांबं मऊ पडतं, नीट बसतं. काकींची चूल वीस पावलांवर पेटलेली होती. मी वायसर मुठीत घेऊन निघालो आणि रस्त्यावरून हॉर्न वाजला. हुबळीकडं जाणारा ट्रकवाला, माझ्या ओळखीचा. "येतूस का? पुढं गोव्यापातूर जाणार हाय. समुद्र दावतो. बारा वाजता निघायचं." मी समुद्र पाहिला नव्हता. बोलत उभा राहिलो. किती वेळ, कोण जाणे. परत आलो ते चुलीकडं न जाताच, आणि वायसर होते तसे बसवून टाकले.

तुम्ही किल्ली फिरवलीत. पंप वाजायला लागला, मी तुमच्या पाठीवर वाजवायला लागलो. टक टक टक टक. पंप थांबत नव्हता. बारा वाजत आले होते, परत खोलायचं म्हणजे तासभर. आणि मी, वस्ताद, बोटाचा वेग कमी केला. टक. टक. आणि बोट उचललं.

हेच मला लिहायचं होतं. तोंडानं खोटं मी पुष्कळ बोललोय, त्याचं काही वाटत नाही. बोटानं एकदाच बोललो.

तुम्ही मान हलवलीत, बॉनेट मिटायला हात घातलात, मग कुणास ठाऊक काय वाटलं, स्क्रू ड्रायव्हर काढून पंपावर टेकवलात आणि मूठ दातात धरलीत. मी तुमचा चेहरा बाजूनं बघत होतो. तुम्ही मूठ काढलीत, वळलात आणि हळू विचारलंत, "वायसर तापिवलास का रं?"

"व्हय वस्ताद."

"थांबला न्हाई त्यो. हवा ओढतोय. परत खोलायला पायजे." मग वकिलांना म्हणालात, "सायेब, तासभर बसा."

"तासभर? अहो, मंडळी वाट बघतायत तिकडं," वकील म्हणाले, आणि आत बसून त्यांनी इंजिनच सुरू केलं. त्या घरघरीत टकटक बुडाली. "हे बघा, झकास चालू आहे. कसला आवाज?"

"सायेब, ऐका माझं..."

आणि मी म्हणालो. मोठ्यानं, त्यांना ऐकू जाईल असं. "काय आवाज न्हाई सायेब. वस्तादांना ऐकूच येत न्हाई, दातात धरून काय बी सांगत्यात."

वकिलांनी तुमच्याकडं बघितलं, मग त्या मुठीकडं. मुलगी तोंडाला पदर लावून हसली, वाईट मनानं नव्हे, नुसती हसली. माझे ओठ तुम्ही वाचले होते, हे मला तुमच्या हातावरून कळलं. तुम्ही स्क्रू ड्रायव्हर फडक्यानं पुसायला लागलात. बराच वेळ पुसत होतात. मग म्हणालात, "घेऊन जावा सायेब. पोरगं म्हणतंय थांबला, म्हंजे थांबला आसंल."

बारा वाजता मी ट्रकवर चढलो. तुम्हाला सांगितलंही नाही. कऱ्हाडच्या अलीकडं ती गाडी रस्त्याच्या कडेला उभी दिसली, बॉनेट उघडं. वकील फायलीनं वारा घेत होते, मुलगी लिंबाखाली बसली होती, पुडा मांडीवरच. पाच मिनिटांचं काम होतं ते. वायसर तापवायला तिथं काटक्याही मिळाल्या असत्या. मी ड्रायव्हरला थांब म्हणालो नाही, केबिनमध्ये खाली सरकून बसलो. चार दिवसांनी समुद्र पाहिला. मोठा होता. दुसरं काही आठवत नाही.

तुम्ही गेल्याचं मला पुढच्या वर्षी फलटणला एका ड्रायव्हरनं सांगितलं, चहा पिता पिता, सहज. "साताऱ्याचा त्यो मिस्त्री गेला की. कान गेलेलं म्हणं त्येचं. एक पोरगं हुतं हाताशी, त्ये बी पळालं." वकिलांनी कोर्टात सगळ्यांना सांगितलं होतं, गिऱ्हाईक तुटलं, तुम्ही गॅरेजच्या दारात नुसते बसून असायचात. मी विचारलं, त्या पोराला काही बोलायचे का? तो म्हणाला, "छ्या. म्हणायचे, वायसर तापवायचं मीच इसरलो. पोराची चूक न्हाई." मी चहा तसाच ठेवून उठलो आणि दिवसभर उसाच्या गाड्यांमधून चालत राहिलो.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. मूठ दातात धरली तेव्हाच कळलं होतं, हवेचंही आणि माझंही.

आज दुपारी मी तुम्ही शिकवलं होतं तसं केलं. कार्बोरेटरकडं जाणारी नळी काढली, पेट्रोलच्या बाटलीत बुडवली आणि किल्ली फिरवली. बुडबुडे. सारखे बुडबुडे. बाहेरून जोड कोरडा ठणठणीत, थेंब नाही. तुम्ही म्हणायचात, "गळती ओढणाऱ्या बाजूची आसली की भाईर काय दिसत न्हाई. त्ये आतच घेत ऱ्हातं." खोलून बघितलं, वस्ताद. चार वायसरांतले तीन मी तापवले होते. चौथ्याच्या वेळी बाहेर हळदीच्या पोत्यांवरून दोन हमालांचं भांडण लागलं आणि मी बघायला गेलो. सात वर्षांत एवढाच शहाणा झालो, चारातले तीन. चौथा आता स्टोव्हवर तापवला, पाण्यात टाकला, चर्र झालं. बसवला, किल्ली फिरवली. टकटक सुरू झाली, सावकाश झाली आणि थांबली. खरी थांबली. मी हात पुढं करून हवेतच बोट थांबवलं, आणि मग हा कागद काढून बसलो.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही. पान्यांच्या पेटीत ठेवीन. खरं तर काकींना भेटायला हवं होतं. त्या माणमध्ये माहेरी गेल्या, भावाची मेंढरं बघतात, एवढं कानावर होतं. दहिवडीची एसटी रोज समोरून जाते. एकदाही चढलो नाही.

मघाशी लिहिता लिहिता मागून दारात कुणीतरी विचारलं, "सातारच्या मिस्त्र्याकडं शिकलेला हितंच ऱ्हातो का?" बाईचा आवाज, थकलेला. मी वळलो नाही, लिहीत राहिलो. पुन्हा विचारलं. मी मान खाली घालून लिहीत राहिलो, ऐकूच न आल्यासारखा.

आत्ता माझ्या पाठीवर एक शेंगदाणा येऊन लागला. खाली पडलाय, पायाशी. वस्ताद, मला पहिल्या हाकेलाच ऐकू आलं होतं.